काँक्रीटला पाणी

ढोकीच्या रस्त्यावर माझं घर आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो, मग बायको गेली आणि ते मला मोठं पडायला लागलं, म्हणून वरची खोली भाड्यानं दिली. भाडेकरू नांदेडकडचा, पन्नाशीतला साइट इंजिनिअर. जवळच्या एका कारखान्यानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायचा प्रकल्प काढला होता, त्याच्या बांधकामावर तो आला होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं, म्हणजे धूर कमी होईल आणि बाहेरून तेलही कमी आणावं लागेल, असं सरकारचं धोरण. भूमिपूजनाला वक्त्यांनी पृथ्वी वाचवली, तीही जेवणाआधी.

संध्याकाळी तो चहाला खाली यायचा. मी वर्तमानपत्रातली भाषणं मोठ्यानं वाचायचो आणि तो मध्येच विचारायचा, "ह्यात सिमेंट कुठं आलं, सर?" बऱ्याच काळानं माझ्या घरात दोन कप विसळले जात होते.

मग पावसानं ओढ दिली. ऊस कमी पडणार, साखर महागणार, अशी वर धास्ती बसली आणि हुकूम निघाला की यंदा रस साखरेलाच वापरायचा. बँकेनं हात आखडला, ठेकेदारानं मजूर नेले. पृथ्वी वाचवणं पुढं ढकललं गेलं.

टाकीच्या पायाचं काँक्रीट तेवढं नुकतंच ओतलेलं होतं. दुसऱ्या दिवशी हा पायात बूट घालून निघालेला दिसला.

"आता कुठं?"

"पाणी मारायला. काँक्रीटला काय माहीत सरकारनं काय ठरवलं? पाणी न्हाय दिलं तर तडकतंय ते."

मीही त्याच्याबरोबर जाऊ लागलो. काँक्रीटवर गोणपाट अंथरलेलं असायचं. शेततळ्यातल्या गढूळ पाण्यानं तो ते भिजवायचा आणि मी पाइप धरायचो. रस्त्यानं घागरी घेऊन टँकरकडं जाणारी एक म्हातारी रोज थांबायची.

"माणसाला प्यायला न्हाय, अन् दगडाला आंघोळ! व्हय ओ मास्तर, तुमी बी ह्यात?"

"पिण्यासारखं न्हाय हे, मावशी," तो म्हणायचा.

"मग दगडाच्या पोटाला बरं चालतंय!"

ती गेल्यावर आम्ही हसायचो. पाणी मारायचे दिवस संपले की तो जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकदा मी सुचवलं, "अजून थोडं मारायला काय हरकत आहे?"

"पिकलं ते, सर. आता मारलं तर तुळशीला घातल्यासारखं, नुसतं पुण्यापुरतं."

त्या आठवड्यात मी त्याला माझ्या मागच्या भिंतीची भेग दाखवली. चार दिवसांचं काम निघेल, असा अंदाज होता. त्यानं बोट फिरवलं, भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"लई जुनी भेग हाय ही, सर. हिला काय होत न्हाय."

तरी जायच्या आदल्या दिवशी त्यानं ती सिमेंटनं भरून दिली. काम अर्धा तासच पुरलं.

पुढं पाऊस बरा झाला आणि हुकूम फिरला. कारखान्याला पुन्हा पृथ्वीची आठवण आली. पाहुणे नवे होते, त्यामुळं भूमिपूजनही नवं करावं लागलं. मुहूर्ताची जागा मात्र तीच. तिथं आता जमीन नव्हती, काँक्रीट होतं. मग ट्रॅक्टरनं काळी माती आणून वर पसरली, त्यावर रांगोळी काढली. पाहुण्यांनी उत्साहात कुदळ जरा जोरात हाणली. टणकन आवाज झाला आणि कुदळ उसळली. टाळ्या लगेच वाजल्या. मी शेजारच्या खुर्चीकडं वळलो. तिथं एक अनोळखी गृहस्थ गंभीरपणे टाळ्या वाजवत होते.

घरी येऊन त्याला फोन लावला. तो आता परराज्यात, सोलर पॅनेलच्या कारखान्याच्या बांधकामावर आहे. तेही धोरणच. कुदळीची गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला.

"तडकलं न्हाय ना?"

"ओरखडासुद्धा नाही."

"मग! चांगलं पाणी मारलं होतं आपण."

पलीकडून कुणीतरी त्याला साहेब म्हणून हाक मारली. तिकडंही नुकताच स्लॅब ओतला होता.

नवे इंजिनिअर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतात. वरची खोली भाड्यानं मिळेल का, असं विचारायला लोक येतात. मी त्यांना सांगतो, काम चालू आहे.