इर्मेलमावशीचा बहिरा कान

इर्मेलमावशी डाव्या कानानं ठार बहिरी, आणि त्याचा तिला कोण अभिमान! "बापाची इस्टेट आहे ती," म्हणायची.

मावशी मूळची वरच्या रोडेनबाखची. मरीनं ते गाव उठलं. चर्चच्या भिंतींत झाडं उगवली. वाचलेले आमच्याकडे खाली आले आणि एकेक करून संपले. उरली एकटी मावशी. रोडेनबाखच्या कुरणावर आमची गुरं जगत होती. ते गेलं असतं तर हिवाळ्याआधी अर्धी गुरं कापावी लागली असती.

त्या वसंतात शेजारच्या मठाचा नवा कारभारी आला. ओठावर जेमतेम मिसरूड, पण तोरा बघा! म्हणाला, "गाव मेलं. आमच्या हद्दीचा दगड ओढ्याकाठी आहे. कुरण मठाचं."

शिवेवर पंच जमले. मावशी काठी टेकत पुढे झाली.

"दगड ओढ्याकाठी आला कसा रे? पाय फुटले त्याला?"

"म्हातारे, कागद आहे का तुझ्याकडे?"

"हा बघ कागद!" तिनं डावा कान पुढे केला. "दगड बसवला की हजर असलेल्यांत सगळ्यात लहान असेल त्याच्या कानफटात वाजवायची, म्हणजे जागा जन्मभर विसरत नाही. त्या दिवशी लहान मी होते. आणि वाजवणारा बाप माझा लोहार!"

तरातरा चढ चढून ती जंगली नाशपातीपाशी थांबली. "खणा इथं."

फावडं मीच मारलं. हातभर खणलं, काही नाही. कारभारी फिदीफिदी हसला. मी फावडं खाली टेकवलं.

"थांबलास का मेल्या? लोहारानं पुरलंय, खोलच असणार!"

आणखी वीतभर गेलो, आणि निघाले की कोळसे आणि फुटक्या मडक्याचे तुकडे! दगड कुणी हलवला तरी खूण राहावी म्हणून शिवेच्या प्रत्येक दगडाखाली आमचे वाडवडील हेच पुरायचे. पंचांनी टोप्या काढल्या. आम्ही तर नाचलोच! बैल जुंपून दगड तिथं आणून बसवला.

म्हातारा पंच वोल्फराम खाकरला. "रीत राहिली की. सगळ्यात लहान कोण इथं?"

सगळ्यांच्या माना कारभाऱ्याकडे वळल्या.

"खबरदार! मी मठाचा—"

"त्या कानानं ऐकू येत नाही रे बाळा," मावशी म्हणाली, आणि अशी सणसणीत ठेवून दिली की झाडावरचे कावळे उडाले.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. कारभाऱ्याचे केस पिकलेत. पण शिवेचा वाद निघाला की तो एक हात गालावर ठेवतो, दुसऱ्यानं नाशपाती दाखवतो आणि सांगतो, "दगड तिथं आहे."