रंगूबाईंचं चौथं कडवं

मुलांनो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आले. मी मद्रासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. तेव्हा हे वाचून ‘आजीचं वय झालं’ असं आपसात म्हणू नका.

तंजावूरला घरोघर केबल येत होती त्या वर्षांत पुण्याहून एक प्राध्यापक आले. इथल्या जुन्या मराठी कवी-कवयित्रींच्या जागांचा त्यांना नकाशा करायचा होता... गावकऱ्यांना विचारून. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून दुभाषी व्हायला मला, इथल्याच मराठी घरातल्या बाईला, धरलं. आणि गावकरी? जो तो म्हणे, आमच्याच गोठ्यात कवी जन्मला. निम्म्या जागांवर मी काट मारली.

ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात भर दुपारी रंगूबाई भेटल्या. वय सत्तरीचं. अंगणातल्या दगडी ओट्यावर बसून त्यांच्या घराण्यातली कुणी सून पदं रचायची म्हणे. शेजारच्या राइस मिलवाल्याला भात वाळवायला तो ओटा पाडून ती जागा हवी होती. नकाशात आला तर पंचायत हात लावू देणार नाही, एवढीच त्यांची आशा.

मी टेपरेकॉर्डर लावला. त्या सुनेच्या चार कडव्यांच्या एका पदाची त्यांनी तीन कडवी म्हटली आणि त्या थांबल्या.

“चौथं?”

“चौथं सासू मरताना सुनेला देते, टीचरम्मा. आमची रीत. माझी सासू कुंभकोणमच्या बसमध्येच गेली... न सांगता.”

“छान रीत. म्हणजे पुरावा बसमध्येच राहिला.”

“हसा. तुमचं काय जातं?”

अर्धवट पदावरून नकाशात खूण करणार नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की रंगूबाई माझा हात धरून रडत होत्या. मला वाटलं, नकार ऐकून रडतायत.

घरी टेप लावली. तीन कडवी त्यांची. चौथं माझ्या आवाजात — आणि सुरात. शाळेची प्रार्थना मला कधी सुरात जमली नाही. त्यातले काही शब्द तर मला कळलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले. रंगूबाईंनी सुनेला बाहेर काढून दार लावलं, पाच वेळा ऐकून कडवं पाठ केलं.

“अम्मा, मलाही ऐकू द्या की,” सून बाहेरून म्हणाली.

“थांब गं. मी काय आजच मरते?”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता पुसा ते.”

“रंगूबाई, तोच तर पुरावा आहे.”

“असू दे. तुम्ही काही माझी सून नाही.”

मी पुसलं. आज त्यातला एकही शब्द मला आठवत नाही.

नकाशात ओट्यावर खूण केली, शेरा लिहिला — ‘संपूर्ण पद स्वतः ऐकलं.’ ओटा वाचला. प्राध्यापकांनी विचारलं, “कुणाच्या तोंडून?”

मी नकाशाची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि पुढचं गाव कुठलं ते विचारलं.