टपावरची वाटी

आमच्या सोसायटीतल्या भाऊसाहेबांच्या गाडीवरचा लाल दिवा परवा पोलिसांनी उतरवला. "खासगी गाडीला चालत नाही, साहेब," एवढंच म्हणाले. टपाला भोक राहिलं. पाणी गळू नये म्हणून भाऊसाहेबांनी त्यावर आमटीची स्टीलची वाटी पालथी चिकटवली.

"भोक कायमचं बुजवून का नाही टाकत?" मी विचारलं.

"आणि नियम परत बदलला तर?"

हसू दाबत मी भाजीला निघालो. माणसाचा रुबाब नेमका राहतो तरी कुठे, दिव्यात की टपात, या विचारात फाटकाशी पोचलो, तर मागून त्यांची गाडी आली. उन्हात वाटी लखकन चमकली. वॉचमनने सलाम ठोकला. आणि मी, पिशवी छातीशी धरून, मुकाट्याने भिंतीला चिकटलो.