इस्त्रीखालचं गाव

अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते, तेवढ्यात दादाच्या शेजारच्या मंदाचा फोन आला. "ताई, दादा उठूनच नाई राह्यले..." हातातलं पोर खाली उतरवलं, वहीत त्याचं वजन लिहिलं, मगच निघाले. लोक म्हणतील, केवढी दगडाच्या काळजाची! पण चार वर्षं मनात कुठेतरी त्या फोनची वाट पाहतच होते. आता महिना होत आला, तरी अंगातला शीण उतरत नाही.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, कामरगावातला टेलर. तीस वर्षं त्यानं गावाचे शर्ट-पँट शिवले. वहिनी आधीच गेली, मुलगा पुण्याला कंपनीत. चार वर्षांपूर्वी लकव्यानं दादाचा डावा हात लुळा पडला आणि मशीन बंद झाली. मग दुकानातल्या चिंध्यांच्या गोण्यांकडे पाहत तो दिवस काढायचा. एकदा त्यानं कॉलरच्या आत घालतात ते पेस्टिंग पसरलं, वर चिंध्या मांडल्या आणि उजव्या हातानं गरम इस्त्री फिरवली. चिंध्या चिकटल्या. धरायला दुसरा हात लागलाच नाही! पहिली चिंध्यांची बकरी झाली, मग पिंपळ, मग बसस्टँड... गुडघ्याखाली कापड दाबून तो कात्री चालवायचा. सगळं एका मोठ्या गोधडीवर बसत गेलं, आणि चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा मशीनवर शिवायचं काम माझ्याकडे आलं. अंगणवाडी, घरचा स्वयंपाक, त्याच्या भाकरी, आणि मग या कडा.

"कुसुम, कडा सोडू नको. धुतलं का निघून जाते सारं."

एका संध्याकाळी माझा तोल गेला. "मले नाई होत आता, दादा! तू चिंध्या चिकटवून राह्यला, अन् मरण माह्यं!" त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला... आठ दिवस मीही हट्टानं शिवायला बसले नाही. नवव्या दिवशी डबा घेऊन गेले, तर तो मशीनवर. लुळा हात उचलून कापडावर ठेवलेला, पाय मशीनच्या पेडलवर, आणि पिवळ्या कापडावर रक्त. सुई बोटातून आरपार गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी किंचाळले. तो ओशाळून म्हणाला, "दुखत नाई वं. त्या हाताले कायचं दुखणं?" बोट बांधलं, रक्त पुसलं आणि मशीनवर बसले. पश्चात्ताप झाला म्हणून बसले असं लिहायला बरं वाटेल, पण खरं तर भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

कुठली चिंधी कोणाची, हे त्याला पाठ होतं. शाळेच्या गणवेशाचं आभाळ, मास्तरांच्या पँटीचा रस्ता. मागच्या गल्लीतली शांताबाई एकदा मी ब्लाऊज शिवून देईन का ते विचारायला आली आणि गोधडीपाशी थबकली. बसस्टँडवर उभ्या माणसाच्या अंगावर करडं कापड होतं. "दादा, हे आमच्या ह्यांच्या सफारीचं आहे ना?" तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दादानं मान हलवली. बाई त्या तुकड्यावर तळवा ठेवून किती वेळ उभी राहिली... त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, मी कशाच्या कडा शिवत होते. दादाला हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तो गेला तेव्हा गोधडीवरच्या गावाची बाजाराकडची बाजू शिवायची राहिली होती. मुलगा म्हणाला, "आत्या, गोधडी तूच ठेव." ठेवली. अजून उलगडली नाही.

आराम हवा होता, तो मिळाला. संध्याकाळ मोकळी असते. काल लवकर जेवायला बसले. ताटात पाहिलं तर मी अख्खी भाकर बारीक मोडून ठेवली होती... एका हातानं खाणाऱ्या माणसाला मोडून देतात, तशी.