नातीच्या गाडीचा मागचा टायर

माझी नात वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथं जायला तिची स्वतःची मोटारसायकल आहे. स्कूटी नाही, गिअरची गाडी. जुनीच घेतली, पण स्वतःच्या पगारातून. आमचं गाव गंगापूर रस्त्याच्या आत, काळ्या रानात आहे. कंपनीची बस आमच्या फाट्यावर थांबत नाही.

फाट्यापर्यंतचा रस्ता कच्चा. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर चाकाला रानातला चिखल घेऊन रस्त्यावर येतात. त्यात पाटाला पाणी सुटलं की पाटाजवळच्या वळणावर माणूस उभा राहू शकत नाही. यंदा नात तिथं दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी ढोपर फुटलं. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जेवताना म्हणाला की आता एकदा जरी पडली तर काम बंद, स्थळं बघायला लागू. तो वाईट माणूस नाही. भित्रा आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच पोरगी मला म्हणाली, "आजी, चल शहरात. मागचा टायर रुंद टाकायचाय."

मी मागं बसले. लुगड्याला कासोटा असतो, त्यामुळं मी दोन्हीकडं पाय टाकून बसते. बघणारे बघतात.

टायरवाले चाचा माझ्याच वयाचे असतील. पोरीनं दुकानातला त्या चाकावर बसणारा सगळ्यात रुंद टायर मागितला. चाचांनी तो चढवला, चाक फिरवलं, साखळीशी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "कहीं घासरा नै, जाओ बेटी." डांबरावर गाडी अशी चालली की मला झोप यायला लागली. पण आम्ही राहतो काळ्या मातीत, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वळणावर आलो आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या चिमूटभर जागेत चिखल ठासून बसला. चाक फिरेना. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

मी उतरले. पोरगी बाभळीच्या काडीनं चिखल काढत होती, तेवढ्यात बाप रानातून आला. त्यानं चाकाकडं बघितलं आणि म्हणाला, "झालं. उद्यापासून घरी बस."

"पप्पा, पडले का मी?"

"नाय."

"मग? गाडी थांबली. मी नाय पडले."

मला हसू आलं, मी ते लपवलं नाही.

गाडी ढकलत घरी आणली. पोरीनं अंगणात नट खोलायचे पाने काढले आणि मागचं चाक स्वतः खोललं. मी गाडी कलती होऊ नये म्हणून धरून उभी होते. मग ते चाक मांडीवर घेऊन ती फाट्यावरच्या प्रवासी जीपमध्ये बसून परत शहरात गेली. जीपमधल्या बायकांनी विचारलं म्हणे, की बाकीची गाडी कुठं आहे. ती म्हणाली, आजीकडं.

चाचांनी कुरकुर न करता टायर बदलून दिला. हा मूळच्यापेक्षा एकाच मापानं रुंद होता. ऊन उतरायच्या आत ती परत आली. चाक बसवलं, साखळी ताणली, मडगार्डच्या बोल्टांत वायसरच्या चकत्या घालून ते वर उचललं. आता मधे माझी चार बोटं जात होती. मी घालून बघितली. बाप ओट्यावर बसून सगळं बघत होता. पाना मागितला की देत होता.

दुसऱ्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. ती निघायच्या आधीच बाप काही न सांगता वळणाकडं चालत गेला. ती गेली. मी भाकरी टाकत होते, पण ध्यान तिकडंच. बऱ्याच वेळानं तो परत आला, पायाला ढोपरापर्यंत चिखल.

मी विचारलं, "पडली का?"

"नाय माय. मी वळणावर घसरलो. ती गेली निघून. मागं वळून पण बघितलं नाय."

स्थळांचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही. दूध घालायला गेला की डेअरीवर सगळ्यांना सांगत असतो, की आमच्या मातीत टायर एकाच मापानं वाढवावा आणि मडगार्ड उचलून घ्यावं. जणू त्यानंच बसवला. मी एकदा तिथं उभी होते. म्हटलं, "पोरीनं बसवला, हे पण सांग."

त्यानं सांगितलं. आवाज जरा चढवूनच सांगितलं.