हेळव्याच्या वहीत माझं कूळ

ही फजिती मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय. तेव्हा मध्येच कुणी हसायचं नाही. हसायचं ते शेवटी.

मी फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत. वडूजजवळच्या आमच्या गावात माझ्या शब्दाला वजन आहे. होतं म्हणा!

नातवानं कराडची मुलगी पसंत केली. शिकलेली, आमच्यासारखीच ख्रिस्ती. मी विचारलं, "कूळ?" तर कळलं, तिची आजी मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारात सापडलेली. आईबाप कोण, पत्ता नाही.

"न्हाई जमायचं," मी म्हणालो.

"आवं, पोरगं दुसरीकडं लगीनच करणार न्हाई म्हणतंय," आमची म्हातारी कळवळली.

"नवा करार उघड. पयलं पान कशाचं हाय? येशूच्या वंशावळीचं! देव कूळ बघतो, आन मी बघू नगं?"

दर डिसेंबरात चर्चमध्ये पाळक ती यादी वाचतात. अब्राहाम, इसहाक, याकोब... तिसऱ्या नावाला माझा डोळा लागतो. ते सोडा.

त्याच आठवड्यात गावात हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या वहीत लिहून ठेवणारा आणि दारात येऊन वाचणारा. त्याचा आजा बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर आला. आम्ही ख्रिस्ती झालो, तरी यांनी आमचं पान फाडलं नाही. मी कायम फौजेत, म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

मी हुशारी केली. मुलीकडच्यांनाच बोलावून घेतलं. नकार द्यायचा, पण कूळ कशाला म्हणतात ते कानांनी ऐकवून! मुलीची आजी स्वतः आली. ओसरीवर ताठ बसली.

"वाच रं, पार बुडापासनं!"

हेळव्यानं घसा खाकरला. "मूळ पुरुष राणोजी. आई ठाव न्हाई, बाप ठाव न्हाई. दुष्काळात बाजाराच्या जागी कडब्याच्या गंजीत सापडला. भाकऱ्या विकणाऱ्या रखमानं वाढवला..."

"थांब! पान चुकलं तुजं!"

"न्हाई बाबा. खाली तुमच्या आज्याचं, बाचं, तुमचं नाव हाय की."

अहो, कोयनेचा भूकंप मी उभ्यानं काढला होता. त्या दिवशी मटकन खाली बसलो!

आजी हसली नाही. तेच जास्त लागलं.

"सुभेदार," ती म्हणाली, "मला कूळ न्हाई, म्हणून मी मत्तयानं लिवल्याली येशूच्या कुळाची यादी पाठ केली. तीत सासऱ्यापासनं पोरं झाल्याली तामार हाय. यरीहोची वेश्या राहाब हाय. परमुलखातली रूथ हाय. देवानं अब्राहामाला त्याच्या वंशाबद्दल दिल्याला शबुद पाळला, तो असल्यांना संगं घिऊन पाळला. एक नाव खोडलं न्हाई."

"वेश्या? त्या यादीत?" मी ओरडलोच.

"पाचव्या वचनात."

"त्यास्नी कवा ऐकू येणार?" आमची म्हातारी फिस्कारली. "याकोबालाच घोराय लागत्यात!"

हेळव्यानं पेन उघडलं. "बाबा, नातसुनेचं नाव लिवायचं का?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"लिव."

"माहेरचं कूळ काय लिवू?"

मी वहीतल्या राणोजीच्या ओळीकडं बघितलं. फौजेत असले कागद लय भरलेत मी.

"लिव," म्हणालो, "वरीलप्रमाणे."