झेंडा क्रमांक सातजवळची माती

हसणार नाही असे कबूल करा, मग सांगतो. नाही, हसलात तरी सांगणारच आहे. फक्त माझ्या पद्धतीला हसू नका. पद्धत निर्दोष होती. चूक झाली ती जागेची, आणि तीसुद्धा फार तर वीस-पंचवीस पावलांची.

त्या वर्षी मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. गाव कृष्णराजनगर, म्हणून राहायला म्हैसुरात काका-काकूंकडे, मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत. काका, म्हणजे व्यंकोजीराव, एका कचेरीत हेडक्लार्क. आमचे कोणी पूर्वज राजांच्या घोडदळात होते, आणि तेवढ्या एका आधारावर घोड्यांतले आपल्याला उपजत कळते असे काकांचे ठाम मत होते. शर्यतीच्या दिवशी एका घोड्यावर दहा रुपये लावायचे. अकरावा कधी नाही.

पण काकांचा खरा मान पैशांत नव्हताच. तो होता एका खुर्चीत. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या हॉटेलात शर्यतीचे शौकीन जमत, आणि तिथली खिडकीजवळची खुर्ची काकांची असे. कारण पाऊस पडून गेल्यावर मैदान घट्ट आहे की मऊ, आणि कोणत्या घोड्याला ते मानवेल, याबाबत काकांचा शब्द शेवटचा. त्यासाठी वीस वर्षांच्या नोंदींची एक जाडजूड वही होती.

आणि त्या वर्षी रेसकोर्सवाल्यांनी धावपट्टीच उकरली. नवी माती, नवे गवत.

आता विचार करा. ज्या घोड्यांना चिखल आवडतो म्हणून वहीत लिहिलेले, ते कधी भर पावसात मागे पडू लागले, तर कधी पाऊस उघडून गेल्यावर पुढे. ज्यांना चिखल वर्ज्य, त्यांचे नेमके उलटे. काकांचा अंदाज ओळीने तीन वेळा चुकला. चौथ्या खेपेला ते हॉटेलात गेले, तर खिडकीजवळच्या खुर्चीत रेशन दुकानवाले पुट्टस्वामी बसलेले. काका कॉफी न पिता घरी आले. प्रकरण गंभीर आहे हे काकूने तेवढ्यावरूनच ओळखले.

मला मात्र, खरे सांगतो, त्या गोष्टीचे विलक्षण कुतूहल वाटले. घोडे तेच, माणसे तीच, पाऊस तोच. खालची वीतभर माती बदलली आणि वीस वर्षांचे ज्ञान निकामी झाले? असे नेमके काय बदलले असेल त्या मातीत? या कुतूहलाच्या भरात मी जेवताना बोलून गेलो की मातीतला ओलावा मोजता येतो.

काकांचा घास हातातच राहिला. माती शिकायला कॉलेज कशाला लागते, असे विचारणारा माणूस तो.

"एनप्पा," काका कन्नडवर घसरले, "काय रे बाबा, जमीन घट्ट का मऊ, हे तू आकड्यात सांगशील?"

"दोन दशांश स्थळांपर्यंत," मी म्हणालो.

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर पुढचे काही घडलेच नसते.

पुढच्या मोठ्या शर्यतीत दोनच घोड्यांची चर्चा होती. घट्ट जमिनीवर धावणारा गोल्डन ॲरो, आणि चिखलात रमणारी रेशमा. दोन दिवस पाऊस पडून नुकताच उघडला होता. म्हणजे सगळा निकाल जमिनीवर. काकांनी मला फर्मावले, उद्या सकाळी जा आणि धावपट्टीवरची माती घेऊन ये. त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते आले नाहीत.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. मी रेसकोर्स आतून कधीही पाहिलेला नव्हता. शर्यत चालू असताना तिथे पाऊल ठेवणार नाही, असे वडिलांना वचन देऊन मी म्हैसूरला आलो होतो.

सकाळी कोणी अडवले नाही. मी पांढऱ्या कठड्याखालून आत शिरलो, तो घोट्यापर्यंत चिखलात. विरळ, खुरटे गवत आणि प्रत्येक पावलाला बूट धरून ठेवणारी माती. मी तर्क केला, मैदानातले पाणी वाहून जावे म्हणून सोडलेला हा पट्टा असावा. तो कसाबसा ओलांडून दुसऱ्या कठड्याखालून पुढे गेलो आणि थक्क झालो. समोर गालिच्यासारखी कापलेली हिरवळ! लाखांच्या घोड्यांना धावायला हीच जागा शोभेल, यात मला शंका उरली नाही. अंतर कळावे म्हणून ठिकठिकाणी क्रमांकांचे छोटे झेंडेही लावलेले होते.

मी झेंडा क्रमांक सातजवळ बसून तीन खोलींवरचे नमुने घेतले. टोपी घातलेले एक गृहस्थ लांब उभे राहून बघत होते. सुशिक्षित दिसले. नमुने प्रयोगशाळेच्या भट्टीत चोवीस तास वाळवले, तीनदा वजन केले आणि शर्यतीच्या सकाळी काकांच्या हातात अहवाल दिला. ओलावा अत्यल्प, जमीन घट्ट. मधल्या काळात पाऊस पडलेला नाही, हेही तळटीपेत नमूद केले.

काकांनी तो अहवाल हॉटेलात उभे राहून वाचला म्हणे. दशांश स्थळांसकट. सगळ्या मंडळींनी गोल्डन ॲरो धरला. खुद्द पुट्टस्वामींनीही.

संध्याकाळी मी अभिनंदन स्वीकारायला हॉटेलात गेलो. गोल्डन ॲरो बन्नूरच्या भातखाचरात उतरलेल्या शहरी पाहुण्यासारखा एकेक पाय उचलत आला होता. शेवटून दुसरा. रेशमा पाच घोड्यांच्या अंतराने पहिली. काका दाराजवळच्या बाकावर बसले होते, आणि माझ्याकडे बघत नव्हते.

पुट्टस्वामींनीच मला कन्नडमध्ये, अगदी मायेने विचारले, बाळ, माती घेतलीस कुठून?

मी वही उघडून वाचले. झेंडा क्रमांक सात, तिथून पूर्वेला चार पावले. शेजारी एक गोल, सुबक, आयता खड्डा.

"त्या खड्ड्यात चेंडू वगैरे आला होता का रे?"

"एकदा आला होता, छोटा, पांढरा," मी म्हणालो. "खड्ड्यात पडणारच होता. मी वेळेवर अडवला आणि त्या टोपीवाल्या गृहस्थांना नेऊन दिला."

"मग? काय म्हणाले ते?"

"काहीच नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले."

हॉटेल असे हसले की गल्ल्यावरचा माणूस उठून आत आला. मग कोणीतरी डोळे पुसत मला समजावले की धावपट्टीच्या मधोमध गोल्फचे मैदान आहे; त्याखाली पाणी झिरपावे म्हणून वाळू असते; आणि मी ज्याला पाण्याचा पट्टा समजून शिव्या देत ओलांडले, त्यावरून घोडे धावतात.

घरी पोचल्यावर काकूने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "परवा तू आलास तेव्हा तुझ्या एकेका बुटाला शेरभर चिखल होता. खरवडून कढीपत्त्याच्या कुंडीत घातला मी. तेव्हाच मनात आलं, एवढ्या चिखलात घोडं धावायचं कसं?"

"मग सांगायचं नाहीस?" काका म्हणाले.

"विचारलं कुणी? तुम्ही दोघं भट्टीची वाट बघत होतात."

काका उठून कुंडीशी गेले आणि तिच्यातली माती बोटाने दाबून पाहिली.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी त्यांनी मला उठवले. उपकरणे घरीच ठेवायला सांगितली. पट्टा ओलांडायचा, परत ओलांडायचा, आणि कुठे न थांबता घरी यायचे. काकूने दारातच उलथन्याच्या टोकाने माझे बूट टोचून पाहिले आणि म्हणाली, "मऊ. पण त्या दिवसाइतकं नाही." एवढाच निरोप घेऊन काका हॉटेलात गेले. काकांनी सांगितलेला घोडा जिंकला. त्याच्या पुढच्या वेळीही. तिसऱ्या खेपेला काका आत शिरताच पुट्टस्वामी खिडकीजवळून उठले.

पुढे माझा प्रबंध झाला. त्यात वापरलेल्या उपकरणांची यादी आहे: गिरमिट, भट्टी, तीन दशांश स्थळांचा तराजू. काही राहिले का, असे मार्गदर्शकांनी विचारले होते. नाही, असे मी लिहून दिले, आणि ते असत्य होते. राहिले होते: बूट, काळे, आठ नंबरचे, एक जोड. आणि ते वाचायला काकू.